ड्रायव्हर सावरला, गेम उडाला

राजी दगडी पायऱ्या चढून चौकात येते. चारी बाजूंनी असुर उगवतात. मी त्रिशूळ फिरवते आणि स्क्रीन काळी होते. दोन-तीन सेकंद काहीच नाही. टेबलाखालच्या डब्यातला पंखा एकदा जोरात घोंगावतो आणि गप्प होतो. मग डेस्कटॉप परत येतो. मागं भावानं लावलेला पन्हाळ्याचा फोटो, आणि गेम गायब.

विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची एक नोंदवही असते. ती उघडली तर तिथं ४१०१ क्रमांकाची नोंद. तिचं मराठी केलं तर साधारण असं होईल : ‘डिस्प्ले ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं, आणि तो यशस्वीपणे सावरला आहे.’

तो सावरला, पण मी नाही. सावरण्याच्या या बातमीत माझा गेलेला अर्धा तास, अर्धवट राहिलेली लढाई आणि खेळाडू म्हणून मी, यांचा उल्लेखच नाही. हा लेख ‘राजी’ या गेमबद्दल आहे आणि त्या एका वाक्याबद्दलही. पावसाळ्यातले तीन आठवडे मी दोन्ही एकत्रच वाचत होते. आधीच सांगून टाकते, दोष गेमचा नव्हता. कुणाचा होता तेही सांगेन, पण त्याच्या जागी.

गेमबद्दल आधी

‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ पुण्यात तयार झाला. नॉडिंग हेड्स गेम्स या लहान स्टुडिओनं तो बनवला. २०१७ साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती पुरी झाली नाही. तरी काम थांबलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निन्टेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटरवर. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी असलेल्या विभागात त्याला नामांकनही मिळालं.

गोष्ट लहान आहे. राजी आणि गोलू ही डोंबाऱ्यासारख्या कसरती करून पोट भरणारी बहीणभावंडं. असुर हल्ला करतात, मुलांना पळवतात, त्यात गोलूही जातो. दुर्गा राजीच्या हातात त्रिशूळ देते आणि राजी भावाला शोधायला निघते. एवढंच.

या गेममधलं मला सर्वांत आवडलेलं काम कॅमेऱ्याचं आहे. बहुतेक मोठे गेम कॅमेरा नायकाच्या पाठीवर बसवतात. ‘राजी’चा कॅमेरा मागं मागं जातो, इतका की किल्ल्याच्या भिंतीवर चढणारी मुलगी मुंगीएवढी दिसते. राजस्थानी धाटणीचे सज्जे, कमानी, पाण्यात उभे महाल यांच्यात ती हरवते आणि आपण तिला डोळ्यांनी शोधत राहतो. भावाला शोधणाऱ्या बहिणीला आपणही शोधतोय. हे सांगायला गेमनं एक शब्द खर्च केलेला नाही. मधले कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत आहेत. घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला ज्यांनी ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिल्यात, त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल.

राजीच्या कसरती लढाईतही येतात. खांबाभोवती फिरून वार, भिंतीवर पाय देऊन उडी. कल्पना उत्तम, कारण ती पात्रातून आलेली आहे. राजीकडं ताकद नाही, तोल आहे. पण चार-पाच लढायांनंतर तेच तेच डाव पुरतात, नवा विचार करावा लागत नाही. पाच-सहा तासांत गेम संपतो, आणि शेवट असा येतो की कुणीतरी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण फाडून नेलंय असं वाटावं.

आता निवेदनाबद्दल. राजीची गोष्ट राजी सांगत नाही. दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत ती सांगतात. ते वरून बघताहेत, त्यांना सगळं माहीत आहे. राजी घाबरली कधी, तिला बळ कुठून आलं, हे ते आपल्याला सांगत राहतात. सुरुवातीला हे छान वाटतं, पुढं खटकायला लागतं. एकट्या मुलीच्या भीतीवर सतत कुणीतरी मोठ्यांनी भाष्य करायचं आणि तिनं मात्र गप्प पळत राहायचं. सर्वज्ञ निवेदकाची ही जुनीच अडचण आहे. त्याला सगळं ठाऊक असतं, म्हणून तो पात्राला बोलू देत नाही.

स्क्रीन काळी झाली की मात्र निवेदक बदलतो. देव जातात आणि ४१०१ येतो. त्याला जवळजवळ काहीच माहीत नसतं, तरी बोलतो मात्र ठामपणे.

एसटीचा ड्रायव्हर

ग्राफिक ड्रायव्हर म्हणजे काय, हे थोडक्यात. गेम ‘इथं भिंत काढ, तिथं सावली टाक’ अशी कामं सांगतो. ग्राफिक कार्डाला ती भाषा थेट कळत नाही. मधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. दिलेलं काम कार्डानं ठरावीक वेळात सोडलं नाही, तर विंडोज समजतं की ते अडकलं. मुळात ही मुदत २ सेकंदांची आहे. ती संपली की विंडोज कार्ड आणि ड्रायव्हर दोघांनाही झटका देऊन नव्यानं उभं करतं. ही सोय २००७ च्या जानेवारीत बाजारात आलेल्या व्हिस्टापासून आहे. त्याआधी अशा वेळी अख्खं मशीन गोठायचं आणि बटण दाबून बंद करण्याशिवाय इलाज नसायचा. तेव्हा ‘सावरला आहे’ हे खोटं नाही. मशीनच्या बाजूनं ते खरंच आहे.

पण वाक्य पुन्हा वाचा. ‘ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं.’ कर्ता कोण? ड्रायव्हर. वाचणारा काय समजतो? ड्रायव्हर खराब आहे. घाटात एसटी कलंडली की बातमीत पहिलं नाव ड्रायव्हरचं येतं, पोलिसही आधी त्यालाच बसवून ठेवतात. ब्रेक, टायर, रस्ता, जादा भरलेली गाडी यांची चौकशी नंतर, झाली तर.

कधी दोष ड्रायव्हरचाच असतो, हेही खरं. व्हिस्टाच्या पहिल्या वर्षातल्या क्रॅशची मायक्रोसॉफ्टची अंतर्गत आकडेवारी २००८ मध्ये एका खटल्यामुळं बाहेर आली. त्यात २८.८ टक्के क्रॅश एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते आणि १७.९ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टच्या. मला त्यातला तिसरा आकडा महत्त्वाचा वाटतो : १७ टक्के ‘अज्ञात’. त्या तक्त्यात ‘माहीत नाही’ असा एक रकाना होता. आपल्या स्क्रीनवर येणाऱ्या वाक्यात तो नसतो.

उलटं उदाहरण अलीकडचं आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या किमतीचे प्रोसेसर असलेल्या मशीनवर अनेक गेम सुरू होतानाच कोसळायला लागले. स्क्रीनवर वाक्य यायचं, की व्हिडिओ मेमरी पुरत नाही. लोकांनी ड्रायव्हर बदलले, कुणी ग्राफिक कार्डं बदलली. २०२४ च्या एप्रिलमध्ये एन्व्हिडियानं सांगितलं, असं होत असेल तर इंटेलकडं जा. जुलैत इंटेलनं मान्य केलं, की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यानं तो आतून झिजत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण आधीच झिजलेला प्रोसेसर त्या दुरुस्तीनं बरा होत नव्हता. म्हणजे व्हिडिओ मेमरी पुरेशी होती. प्रोसेसर हिशेब चुकत होता आणि नाव दुसऱ्याचं घेतलं जात होतं.

कथा-कादंबऱ्यांच्या समीक्षेत ‘अविश्वसनीय निवेदक’ हा शब्द आपण सहज वापरतो. तो खोटं बोलतोच असं नाही. त्याला जिथून दिसतं तिथून तो सांगतो, आणि तेवढंच खरं समजतो. एरर मेसेज हा असाच निवेदक आहे. काय पडलं आणि कुठं पडलं, हे तो प्रामाणिकपणे सांगतो. का पडलं, हे त्याला ठाऊक नसतं. आपण ‘कुठं’ला ‘का’ समजतो, तिथं वाचनात चूक होते.

घरगुती औषधांचं साहित्य

मग माणूस उपाय शोधतो. ग्राफिक ड्रायव्हर क्रॅशवरचं उपायांचं साहित्य प्रचंड आहे आणि त्याची एक ठरलेली घडण आहे. दहा उपाय, क्रम कुठलाही. ड्रायव्हर नवा टाका. जुना टाका. सेफ मोडमध्ये जाऊन सगळा पुसून परत टाका. विंडोज अपडेट करा. अपडेट काढा. रजिस्ट्रीत जाऊन त्या २ सेकंदांचे १० करा.

शेवटच्या उपायाकडं नीट बघा. तो सांगतो, पेशंटला ताप आहे तर थर्मामीटर उशिरा लावा. काम खरंच लांबलचक असेल, म्हणजे कुणी कार्डावर जड गणित चालवत असेल, तर मुदत वाढवण्यात अर्थ आहे. गेममध्ये एक चित्र काढायला दोन सेकंद लागत असतील तर बिघाड आधीच झालेला आहे. दहा सेकंद दिले तर आपण दहा सेकंद काळ्या स्क्रीनकडं बघू. मायक्रोसॉफ्टची स्वतःची सूचनाही हेच सांगते, की ही सेटिंग ड्रायव्हर तयार करणाऱ्यांच्या चाचणीसाठी आहे, वापरणाऱ्यांसाठी नाही. तरी हा उपाय यादीत आहेच, कारण कुणाला तरी तो लागू पडला होता. सर्दीला ओव्याची पुरचुंडी लागू पडते तसा. सर्दी आठ दिवसांनी जातेच.

या साहित्यावर माझी हरकत अशी, की त्यात ‘म्हणून’ हा शब्द नाही. हे करा, ते करा, पण हे केल्यावर क्रॅश थांबला तर त्यावरून काय कळलं आणि नाही थांबला तर काय कळलं, हे कुणी लिहीत नाही. ज्या उपायातून काही कळत नाही तो एखाद्या वेळी फळतो, पण पुढच्या वेळी आपण पुन्हा तितकेच आंधळे असतो.

कॅलेंडरवरच्या फुल्या

आमचा कॉम्प्युटर भावाचा. ग्राफिक कार्ड त्यानं २०२२ च्या शेवटी सेकंडहँड घेतलं. त्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग बंद झालं होतं आणि वापरलेली कार्डं स्वस्तात बाजारात आली होती. तेव्हा तो इंजिनिअरिंगला होता. पुढच्या वर्षी त्याचं वर्ष गेलं. घरात निदान एका वाक्यात झालं : ‘गेममुळं गेलं.’ तो आता पुण्यात आहे, तीन मित्रांबरोबर एका खोलीत, नोकरी शोधतोय. कॉम्प्युटर इथंच राहिला. माझी परीक्षा संपल्यावर मी ‘राजी’ घेतला, आणि चौकातल्या लढाईत उडायला लागल्यावर त्याला फोन केला.

“मायनिंगचं कार्ड हाय, जळलं असणार,” मी म्हटलं.

“कशावरनं?”

“सगळे म्हणतात.”

“सगळे म्हणतात ते ऱ्हाऊ दे, ताई. एका वेळी एकच बदल कर आणि लिहून ठेव. सगळं एकदम बदललंस तर काय कळणार हाय तुला?”

“बरं. जेवतो आणि बघतो,” मी म्हटलं. (कोल्हापुरात मुली घरात असंच बोलतात.)

आमच्याकडं कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो. त्याच चौकोनात मी क्रॅशच्या फुल्या मारायला लागले. पहिले तीन दिवस काहीही न बदलता, नुसतं मोजलं : चार, तीन, पाच. मग ड्रायव्हर पूर्ण पुसून नवा टाकला. चार. आधीचा जुना टाकला. तीन. म्हणजे ड्रायव्हर बहुतेक सुटला. कार्डाचं तापमान बघितलं, सत्तरच्या आसपास. पंख्यातली धूळ काढली, ते बासष्टवर आलं. फुल्या तेवढ्याच. उष्णताही सुटली. मग ‘लाईट कमीजास्त होते’ म्हणून पाहिलं. क्रॅश झाला तेव्हा खोलीतला बल्ब एकदाही फडफडला नव्हता.

मग भावानं सांगितलं, कार्डाची वीज मर्यादा ८० टक्क्यांवर आण आणि फ्रेम साठवर बांध. म्हणजे कार्ड कमी खाईल. दोन दिवसांत एकच फुली. इथं पहिल्यांदा काहीतरी हललं. कार्ड भरपेट खायला लागलं की पडतंय, अर्धपोटी ठेवलं की चालतंय. मग स्वयंपाकघराकडं बघायला हवं.

कॉम्प्युटरचं स्वयंपाकघर म्हणजे एसएमपीएस, घरच्या विजेचे बारा व्होल्ट करून देणारा डबा. आमच्या डब्यावर मोठ्या अक्षरात ५०० वॉट छापलंय. बाजूच्या तक्त्यात बारीक अक्षरात बारा व्होल्टच्या रकान्यात २२ अँपिअर. बाराला बावीसनं गुणा, २६४ वॉट होतात. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच बारा व्होल्टवर जगतात. शांत दृश्यात ते भागतं. चौकात एकदम आठ असुर आले, की कार्ड क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ओढतं. तेवढ्या क्षणात व्होल्टेज खाली जातं, कार्ड अडकतं, दोन सेकंद संपतात आणि ४१०१ येऊन ड्रायव्हरचं नाव घेतो.

मैत्रिणीच्या भावाचा चांगला एसएमपीएस आठवड्यासाठी मागून आणला. कार्ड पुन्हा पूर्ण ताकदीवर, फ्रेम मोकळी. सात दिवस एकही फुली नाही. मग मुद्दाम जुना परत लावला. त्याच संध्याकाळी दोन फुल्या. ही शेवटची पायरी लोक गाळतात, पण खात्री होते ती तिथंच.

तो डबा निवडला कुणी? मी. २०२२ च्या डिसेंबरात दुकानात भाऊ महागाचा घ्यायला बघत होता आणि मी म्हटलं होतं, आत बसणारा डबा कोण बघतंय, स्वस्तातला घे, अठराशे रुपये वाचतील.

दुसरी नोंद

हे सगळं कॅलेंडरवर मांडून झाल्यावर मला त्याच्या गेलेल्या वर्षाचं कॅलेंडर आठवलं. त्या वर्षी वडिलांच्या पायाला अपघात झाला होता. दीड महिना दवाखाना. दिवसा आई आणि मी, रात्रीची पाळी भावाची. सकाळी सातला घरी यायचा आणि झोप लागत नाही म्हणून गेम लावून बसायचा. कॉलेजला जायच्या वेळेला आम्ही घरातून बाहेर पडताना आम्हाला दिसायचं काय? स्क्रीनसमोर बसलेला तो. जे शेवटचं दिसलं तेच कारण म्हणून आम्ही लिहून टाकलं. मीही त्यात होते. ड्रायव्हरला मी तीन आठवडे दिले. त्याला तीन मिनिटंही दिली नव्हती.

गेममुळंच वर्ष गेलं नसेल, असं मी म्हणत नाही. मी तपासलंच नाही, एवढंच खात्रीनं सांगता येतं. त्या तक्त्यातला ‘अज्ञात’ रकाना आमच्या घरात नव्हता.

मेस्त्री

हे सगळं गेमच्या समीक्षेत कशाला, असं कुणी विचारेल. मी राहते ते गाव त्याचं उत्तर देतं. बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा, तो विकत घेणं परवडणारं नव्हतं, तेव्हा त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ आनंदराव यांनी तो इथंच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या साथीनं काम पुढं नेलं, १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला आणि १९२० मध्ये त्यावर काढलेला ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. या माणसाच्या लेखी चित्र वेगळं आणि यंत्र वेगळं, असं काही नव्हतं.

गेमबद्दल लिहिताना आपण मात्र यंत्र सोडून देतो. परीक्षणं वाचली की वाटतं, सगळे जण एकाच चकचकीत मशीनवर खेळतात. कथा, चित्र, संगीत, गुण दहापैकी. प्रत्यक्षात ‘राजी’ पोचतो तो सेकंडहँड कार्डावर, फुगवलेल्या आकड्याच्या एसएमपीएसवर, फ्रेम साठला बांधून. माझा ‘राजी’ तीन आठवडे चौकातल्या लढाईशी संपत होता आणि तेवढा काळ तो एक वेगळाच गेम होता : बहीण निघते, पोचत नाही. कलाकृती वाचकापर्यंत कशी पोचली, हेही समीक्षेनं लिहायला हवं. आणि मध्येच तुटली तर कुठं तुटली आणि का तुटली, या दोन गोष्टी वेगळ्या लिहायला हव्यात.

शेवटाबद्दलची माझी तक्रार कायम आहे. गेम पुरा करून मी भावाला फोन केला.

“गावला का गोलू?” त्यानं विचारलं.

“खेळून बघ की. दिवाळीला येशील तेव्हा नवा एसएमपीएस बसलेला असंल. पैसे मी देतो.”

“तू कशाला?”

मग मी त्याला तो तक्ता वाचून दाखवला. बारा गुणिले बावीस.